बिनखांबांची गॅलरी

फोटोत वीसेक माणसं सळयांच्या जाळीवर उभी होती. हातात घमेली, डोक्याला रुमाल, सगळ्यांच्या तोंडावर हसू. मधोमध माझे यजमान प्रकाश. खाली मजकूर होता, 'प्रभूच्या कृपेने गॅलरीचा स्लॅब पूर्ण. सर्व स्वयंसेवकांचे आभार.'

मी तेव्हा जळगावला एका गोडाऊनच्या फाउंडेशनवर होते. फोटो बोटांनी मोठा केला. चेहरे नाही, पाय पाहिले. मग धुळ्याला फोन लावला.

"प्रकाश, मला न विचारता स्लॅब भरला?"

"अगं, मिक्सर मिळाला. नाना म्हणाले, शनिवार आहे, पोरं मोकळी आहेत, उरकून टाकू. काय मजा आली सांगू! सिंधूअक्कासुद्धा घमेलं उचलत होत्या. गाणी म्हणत म्हणत भरला. आता भरीत-भाकरी चाललीय."

"मी सळया तपासल्याशिवाय भरायचं नाही, असं ठरलं होतं."

"कॉन्ट्रॅक्टर होते ना समोर, भिकाभाऊ."

"बरं. खालचे टेकू कुणीही काढायचे नाहीत. एकालाही हात लावायचा नाही, मी बघेपर्यंत."

गोंगाटातून तो जरा बाजूला आला. म्हणाला, "चांगलं झालं म्हणायचं तुझ्या तोंडातच येत नाही का गं?"

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसेल कशी, हे आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी राहील कशी, हे आम्ही. धुळ्यात वीस-बावीस वर्षं हेच काम करते. आम्ही ख्रिस्ती. माझे आजोबा इथल्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, शिक्षक होते, वडील पंच होते, माझं लग्न इथेच लागलं. मिशनच्या काळातलं दगडी मंदिर आहे आमचं; चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो. भिंती जाड, छत उंच, आवाज मात्र विचित्र. गायन मंडळ इतकी वर्षं एका कोपऱ्यात उभं राहायचं, सतरंज्या ठेवायच्या खोलीच्या दाराशी. त्यांचं गाणं पहिल्या तीन बाकांपर्यंत पोचायचं. मागच्यांना फक्त पेटी ऐकू यायची. प्रकाश शाळेत गणित शिकवतो, पण त्याचा जीव त्या गायन मंडळात. मुख्य दारावर आतल्या बाजूने एक गॅलरी काढायची, गाणारे तिथे उभे करायचे, म्हणजे आवाज वरून सगळ्या मंदिरात पसरेल. हे त्याचं स्वप्न. आमच्या लग्नाइतकंच जुनं.

पंच कमिटीने शेवटी मनावर घेतलं. डिझाइन मी केलं. अट एकच होती, खाली खांब नकोत. दारातून आत आलेल्या माणसाला वेदी सरळ दिसली पाहिजे. मी म्हटलं, ठीक आहे, कॅन्टिलिव्हर करू.

कॅन्टिलिव्हर म्हणजे एका बाजूलाच धरलेला स्लॅब. घराचा छज्जा असतो, तसा. हात खांद्यातून सरळ पुढे करा आणि बोटांना पाण्याची बादली अडकवा. ओढ कुठे बसते? खांद्याच्या वरच्या बाजूला. कॅन्टिलिव्हरचंही तसंच. भिंतीजवळ, वरच्या बाजूला सगळा ताण. म्हणून मुख्य सळया वरच्या अंगाला हव्यात, पृष्ठभागाखाली जेमतेम इंचभर. त्या तिथेच राहाव्यात म्हणून खाली वाकवलेल्या सळयांचे आधार ठेवतात. साइटवर त्यांना 'चेअर' म्हणतात. त्या जाळीवर माणसं नाचली की चेअर वाकतात, सळया खाली जातात. वरून काँक्रीट पडतं, सगळं गुळगुळीत होतं. बाहेरून काही कळत नाही. स्लॅब जाड असतो, छान दिसतो, आणि आत त्याची ताकद निम्मी झालेली असते.

फोटोत जाळीवर वीस माणसं होती. भिंतीला अगदी चिकटून.

इथे माझ्या कामाची एक सवय सांगते. मी रविवारी साइटवर जात नाही. धंदा सुरू केला तेव्हापासून नाही. ह्यापायी कामं गेली. एक कारखानदार म्हणाला होता, "मॅडम, रविवारीच मशिनं बंद असतात, तुमचा देव एक दिवस ॲडजस्ट करणार नाही का?" मी ते काम सोडलं. माझा क्रम पक्का होता. आधी देव, मग घर, मग काम. तो ठरवायला मला कधी अवघड गेलं नाही, कारण तोवर त्या तिघांचं आपसात कधी भांडणच झालं नव्हतं.

रविवारी काम मी पहिल्यांदा केलं ते आमच्याच मंदिरात. स्लॅब कडक व्हायला थोडे दिवस दिले. मग एका रविवारी उपासना संपली, लोक रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम करून घरी गेले आणि मी शिडीने वर चढले. सोबत कव्हर मीटर होता. काँक्रीटवरून फिरवला की आतली सळई किती खोल आहे हे सांगणारं यंत्र. कडेला सळया ठीक होत्या. भिंतीजवळ आले तसा आकडा वाढत गेला. दोन इंच. तीन. एका ठिकाणी पाचच्या जवळ. स्लॅब तिथे नऊ इंचांचा.

यंत्र चुकू शकतं. म्हणून भिकाभाऊंना बोलावलं. भिकाभाऊ आमचे कॉन्ट्रॅक्टर, सोनगीरचे, अहिराणी बोलणारे. माणूस सरळ. त्यांना म्हटलं, इथे छिन्नीने फोडा. त्यांनी एक इंच फोडलं, दोन इंच फोडलं. सळई नाही.

"भाऊ, सळई कुठे आहे?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "ताई, मन्हा कामले आजवर तडा गया नही. पन त्या दिवशी मंडळीनी बठ्ठी मानसं वर चढनी. मी सांगं, उतरा. नाना म्हने, देवनं काम शे, सर्वांना हात लागू दे. मी काय करू?"

त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना एवढंच सांगितलं, टेकू तसेच ठेवा.

सोमवारी संध्याकाळी कमिटी बसली. नाना साळवे मंडळीचे सेक्रेटरी. भुसावळला रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. शिस्तीचे, हात सढळ, आणि नकार ऐकायची सवय नसलेले. शेजारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू. तरुण, गोड बोलणारे. त्या महिन्यात त्यांची प्रवचनं 'जीवनाचा क्रम' या विषयावर चालली होती. आणखी तीन पंच. प्रकाश गायन मंडळाचा प्रमुख म्हणून.

मी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन उपाय दिले. एक, स्लॅब फोडून पुन्हा भरायचा. दोन, पुढच्या कडेखाली एक बीम आणि दोन लोखंडी खांब. दुसरा लवकर होण्यासारखा.

"नाताळाच्या आत?" नानांनी विचारलं.

"घाई केली तर होईल कदाचित. नाही झालं तर नाताळला खालीच गाऊ."

"आणि खांब वेदीच्या आड?"

"थोडे येतील."

"शैला, बिशपसाहेब येणार आहेत. गॅलरीच्या समर्पण सोहळ्याच्या पत्रिका गेल्या. बाहेरदेशीच्या लोकांनी त्यांच्या आईच्या नावाने या गॅलरीचे पैसे दिले आहेत, ती मंडळी विमानात बसणार आहेत. त्यांना काय सांगू? आमच्याच मुलीने डिझाइन केलं आणि आता तीच म्हणते पडेल?"

"डिझाइन पडणार नाही, नाना. भरलेला स्लॅब पडेल."

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे पडणारही नाही कदाचित."

"कदाचित. पण मी त्यावर माणसं उभी करणार नाही."

नाना मागे टेकले. "तीस-पस्तीस माणसांनी प्रार्थना करून घाम गाळला. प्रभूच्या कामात आकडे सगळंच नसतात गं. थोडा विश्वासही लागतो."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. वाटलं, ते बोलतील. ते बोलले, पण माझ्याशी. "ताई, रागावू नका. आपण सगळे सध्या आपापला क्रम तपासतो आहोत. तुम्हीही एकदा प्रार्थनेत तपासा. तुमचं प्रोफेशन, तुमचं नाव, हे देवाच्या घराच्या वर तर जात नाही ना?"

प्रकाश टेबलाच्या कडेकडे बघत होता.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, घरावर गच्ची बांधाल तर तिला कठडा बांधा, नाहीतर पडणाऱ्याचं रक्त तुमच्या घरावर येईल, असं बायबलात मोशेने लोकांना सांगितलंय. ते प्रोफेशन होतं की देवाची आज्ञा?"

ते हसले. म्हणाले, "संदर्भ चांगला आहे." आणि विषय तिथेच संपला. नंतर चहा आला.

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. डिसेंबरातली धुळ्याची थंडी कानांना झोंबत होती. दाराशी आल्यावर प्रकाश म्हणाला, "एक अट घालून दे ना गॅलरी सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट. एका वेळी पंधराच माणसं, असं."

"नाताळाच्या रात्री संडे स्कूलची पोरं वर धावतील तेव्हा तू मोजशील?"

"मी उभा राहीन जिन्यापाशी."

"तू पेटीवर असशील, प्रकाश."

"तुला माहीत आहे मी किती वर्षं वाट पाहिली." त्याचा आवाज वर गेला नाही. वर गेला असता तर बरं झालं असतं. "सगळ्यांसमोर माझी बायको म्हणते, हे पडेल. आणि ते काँक्रीट मी भरलंय. माझ्या हातांनी."

"हातांनी नाही, पायांनी बिघडलंय ते."

हे मी बोलायला नको होतं की काय, अजून ठरवता येत नाही. खरं होतं. तो आत गेला आणि दिवा बंद करून झोपला.

पुढच्याच आठवड्यात मला कळलं की सर्टिफिकेट मिळालं. बाहेरगावच्या कुणा इंजिनिअरने दिलं. त्याने गॅलरी पाहिली होती, खालून. स्लॅबची जाडी, माझं ड्रॉइंग, सगळं व्यवस्थित होतं. सही केली. मला हे सिंधूअक्कांनी सांगितलं. सिंधूअक्का साक्रीकडच्या, मंडळीत स्वयंपाकाला, साफसफाईला सगळीकडे पुढे, गायन मंडळातला सर्वांत खणखणीत आवाज त्यांचा. भाजीबाजारात भेटल्या.

"शैलाबाय, टेकू काढले ना आज. उभीच आहे की गॅलरी. तू उगाच घाबरवलं सर्वांना."

मी तिथून रिक्षा करून मंदिरात गेले. खरंच, टेकू काढून भिंतीला रचून ठेवले होते. गॅलरी उभी होती. पांढरा रंगसुद्धा झाला होता. नाना खाली उभे राहून वर बघत होते. मला म्हणाले, "बघ. आहे का काही?"

हे लोकांना समजावणं सगळ्यांत कठीण. काँक्रीटला स्वतःची थोडी ताकद असते. नुसतं स्वतःचं वजन ते काही दिवस, काही महिने धरू शकतं. पण नीट भरलेला स्लॅब मोडायच्या आधी वाकतो, तडे देतो, माणसांना पळायला वेळ देतो. हा इशारा सळया देतात. सळया चुकीच्या जागी असल्या तर इशारा मिळत नाही. भिंतीजवळ तडा जातो आणि त्याच क्षणी सगळं खाली. खाली मुख्य दार. उपासना सुटल्यावर सगळी मंडळी तिथेच उभी राहते, सलाम करत.

मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "तू फार एकटी पडत चालली आहेस, शैला. प्रार्थना करत जा."

मग महापालिकेत तक्रार करायची की नाही, हा प्रश्न उरला. तो सोपा नव्हता. आम्ही शहरात मूठभर. प्रार्थनेला चार माणसं जास्त जमली तरी हल्ली शेजारचे विचारतात, कोण आलं होतं, कशाला आलं होतं. मंडळीने आजवर एक नियम पाळला आहे, घरातलं भांडण घरात. आणि मी आमच्याच मंदिराविरुद्ध सरकारी कार्यालयात जायचं. आपल्या हाताने बाहेरच्यांना दगड द्यायचा.

प्रकाशला मी आधी सांगितलं. लपवून करायचं नव्हतं.

"तू हे करणार नाहीस," तो म्हणाला.

"पाळकसाहेब म्हणतात, आधी देव, मग घर, मग काम. मला सांग, तुला त्या गॅलरीवर चढू न देणं हे यातलं काय आहे? देव, घर की काम? मला तर तिन्ही एकच दिसतंय."

"तुला तसं दिसतंय. त्यांना दिसेल की एका बाईला आपलंच खरं करायचंय."

"दिसू दे."

"मला त्यांच्यात राहायचंय, शैला."

मी दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. स्वतःच्या नावाने, लायसन्स नंबर घालून. आपली कबर आपणच खणतोय, हे मला कळत होतं.

महापालिकेतून एक तरुण अधिकारी आले. सभ्य माणूस. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "मी दोघांच्याही सहीवर जाणार नाही. लोड टेस्ट करू." नाना लगेच तयार झाले. त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नानांचा आदर वाटला. त्यांनी पैसे चारून किंवा ओळख लावून प्रकरण दाबलं नाही. त्यांचा खरोखरच विश्वास होता.

लोड टेस्ट म्हणजे स्लॅबवर माणसांइतकं आणि त्याहून थोडं जास्त वजन ठेवून तो किती वाकतो ते बघायचं. वजन म्हणून वाळूची पोती. खाली बारीक काट्याचं यंत्र, डायल गेज. केसाएवढी हालचाल झाली तरी काटा सांगतो. वजन एक दिवस ठेवायचं, मग काढायचं आणि स्लॅब परत किती वर येतो ते मोजायचं. मी एक आग्रह धरला. खाली टेकू परत लावा, पण स्लॅबला टेकवू नका. इंचभर जागा सोडा. पडलाच तर टेकूंवर बसेल.

नानांनी मान हलवली. "लाव बाई, लाव. तुझ्या समाधानासाठी."

टेस्टला निम्मी मंडळी जमली. कुणीतरी खुर्च्या मांडल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, "प्रभू, सत्य उजेडात येऊ दे." मी मनापासून आमेन म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं.

भिकाभाऊंची माणसं भिंतीपासून कडेपर्यंत ओळीने पोती ठेवत होती. पहिला थर झाला. काटा थोडा हलला, हलायला हवा तेवढाच. मागून कुणी टाळी वाजवली. दुसरा थर सुरू झाला. मी काट्याकडे बघत होते. तो थांबत नव्हता. पोतं ठेवल्यावर हलून थांबायला हवा, हा सरकतच होता.

मी ओरडले, "भाऊ, माणसं खाली!"

माणसं जिन्याकडे पळाली. शेवटचा माणूस उतरला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. एकच. भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ उमटली, आणि आख्खी गॅलरी इंचभर खाली येऊन टेकूंवर बसली. धूळ उडाली. दोन पोती कडेवरून घसरून बरोबर दारात पडली आणि फुटली.

ठरलेल्या वजनाच्या निम्मंसुद्धा वर गेलं नव्हतं. साधारण गायन मंडळाएवढं वजन असेल.

अधिकाऱ्यांनी जागेवरच वापर बंदीची नोटीस लिहिली. सिंधूअक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. प्रकाश त्या फुटलेल्या पोत्यांपाशी गेला, वाळूकडे बघत राहिला. मग माझ्याजवळ आला. मला वाटलं, हात धरेल.

हळूच म्हणाला, "ठरलीस खरी. झालं ना समाधान?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. आजही दिलेलं नाही.

मला वाटलं होतं, तडा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला, आता तरी वाद संपेल. हा माझा भोळेपणा. पुढच्या रविवारी मंदिराच्या आवारात मी पहिल्यांदा ऐकलं, "चांगली उभी होती गॅलरी. पोती टाकून टाकून मोडली." दोन आठवड्यांत हेच सगळ्यांचं मत झालं. एवढं वजन कोण ठेवतं? माणसं काय पोत्यासारखी रचून उभी राहतात? एका पंचाने तर मला तोंडावर विचारलं, "ताई, अशी टेस्ट तुमच्या घराच्या स्लॅबवर केली तर तो टिकेल का?"

मी म्हटलं, "टिकेल. करून बघा."



नाताळ आवारात मांडव घालून झाला. बिशपसाहेब आले नाहीत. बाहेरदेशीची मंडळी आली, त्यांनी बंद दार पाहिलं, आईच्या नावाची संगमरवरी पाटी कोठीत पाहिली आणि चार दिवस आधीच परत गेली. थंडीत उघड्यावर बसून दोन म्हाताऱ्यांना खोकला झाला, त्याचंही खापर माझ्यावर. गायन मंडळ मांडवात गायलं. वाऱ्यावर आवाज कुठच्या कुठे जात होता. प्रकाश पेटीवर होता. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी मला मंडळीतून काढलं नाही. जानेवारीत संडे स्कूलच्या शिक्षकांची नवी यादी लागली, तिच्यात मी नव्हते, एवढंच. बारा-तेरा वर्षं मी लहान वर्ग घेत होते. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "तुम्हाला थोडी विश्रांती."

पाळकसाहेब एकदा घरी आले. प्रकाश शाळेत होता. चहा घेताना म्हणाले, "ताई, तुम्ही आम्हाला वाचवलं. मी रोज रात्री त्या दाराचा विचार करतो. माझी मुलगी उपासना सुटल्यावर तिथेच खेळते."

"हे तुम्ही वेदीवरून सांगाल का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "योग्य वेळ आली की सांगेन. आत्ता मनं दुखावलेली आहेत. मंडळी एकत्र ठेवणं ही माझी पहिली जबाबदारी आहे."

"पहिली?"

त्यांना कळलं. मान खाली घालून त्यांनी प्रार्थना केली, लांब आणि सुंदर. प्रार्थनेत माझं नाव आलं, मंडळीचं आलं, क्षमा आली, ऐक्य आलं. गॅलरी आली नाही. वर्ष संपायच्या आत त्यांची बदली झाली. योग्य वेळ बहुतेक नंतर आली असावी.

स्लॅब फोडला तेव्हा मी गेले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. सळया भिंतीजवळ खाली दबलेल्या, चेअर आडव्या झालेल्या, अगदी स्पष्ट दिसत होत्या. भिकाभाऊंनी नानांना हाक मारून दाखवल्या. नाना वाकले, बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. त्या दिवसानंतर त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. तब्येतीचं कारण दिलं. लोक म्हणतात, ह्या बाईने त्या भल्या माणसाला खचवलं. मला त्यांना भेटावंसं वाटतं. दोनदा गेले. त्यांच्या सुनेने दोन्ही वेळा सांगितलं, ते झोपलेत.

नव्या गॅलरीचं डिझाइन दुसऱ्या इंजिनिअरने केलं. तिला दोन खांब आहेत. वेदी थोडी आड येते, कुणाची तक्रार नाही. समर्पणाला सगळ्यांचे आभार मानले गेले, मांडववाल्याचेसुद्धा. गायन मंडळ वरून गायलं आणि प्रकाशचं म्हणणं खरं होतं. आवाज सगळ्या मंदिरात पसरतो. सिंधूअक्कांचा खणखणीत सूर पार वेदीपर्यंत जातो. मी डोळे मिटून ऐकलं. त्या बाईंनी मला अजून सलाम केलेला नाही.

प्रकाश आणि मी एकाच घरात राहतो. भांडत नाही. त्याने त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी काही विचारलं नाही, मीही नाही. रविवारी आम्ही एकाच स्कूटरवर मंदिरात जातो. दारात तो जिन्याने वर जातो आणि मी खाली बसते. अजूनही रविवारी साइटवर जात नाही. क्रम तोच आहे. फक्त तो आता मी कुणाला शिकवत नाही.

नवे इंजिनिअर ऑफिसात येतात, त्यांना मी सळया, चेअर, लोड टेस्ट सगळं शिकवते. शेवटी एक गोष्ट सांगते, जी कोणत्याच कॉलेजात सांगत नाहीत. पडलेल्या स्लॅबची चौकशी होते. न पडू दिलेल्या स्लॅबची फक्त तक्रार होते. त्या नाताळाला पाच-पंचवीस माणसं गेली असती, तर शैलाताई बरोबर होत्या असं आज सगळ्या मंडळीने मान्य केलं असतं. कुणी गेलं नाही. वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण ते मी आनंदाने केलं असं कुणी म्हणू नये.